कुसुंब्याचं पाच वाजताचं मशीन

लोटनचं दुकान धुळ्यात, आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून होतं. गिरणीमुळं दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर पांढरी भुकटी बसायची, लोटनच्या भुवयांवरसुद्धा, आणि तिशीतला हा माणूस लांबून म्हातारा दिसायचा. पाटीवर आधी ‘रेडिओ, टेप, टीव्ही’ एवढंच होतं. नव्वद साल उजाडलं तसं खालच्या मोकळ्या जागेत त्यानं स्वतःच्या हातानं ‘कॉम्प्युटर’ रंगवलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण ती पाटी शोधत येणारं गिऱ्हाईक अक्षराकडं बघायच्या मनःस्थितीत नसायचं.

कारण त्या वर्षांत व्हायरस नावाची हवा सुटली होती. मशीन अडलं की व्हायरस, प्रिंटर रुसला की व्हायरस, लाईट गेली तरी व्हायरस. एका जिनिंगच्या मुनीमजींनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली होती. एका पतपेढीतल्या बाई फ्लॉपी डेटॉलच्या बोळ्यानं पुसायच्या आणि वर लोटनलाच विचारायच्या, की एवढी स्वच्छता ठेवूनही लागण होते कशी? त्याच जिनिंगमध्ये एकदा ‘फार जहाल व्हायरस आलाय’ म्हणून तो धावत गेला, डबा उघडला, तर आत सरकीच्या कापसाची गादी करून उंदरीण बाळंत झालेली. लोटननं पिल्लं सुपात काढली, कुरतडलेली वायर जोडली आणि मुनीमजींना सांगितलं, व्हायरस गेला, आता बाळंतिणीची सोय तुम्ही बघा.

तापट होता, पण कामात घाई करायचा नाही. बिघाड कोणता आणि लागण कोणती हे ओळखायची त्याची एक रीत होती. आधी वीज बघायची, मग लोखंड बघायचं, मग प्रोग्राम. व्होल्टेज, अर्थिंग, ढिल्या पट्ट्या, सगळं तपासून झालं की तो शर्टाच्या खिशातून आपली स्वच्छ फ्लॉपी काढायचा. तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली असायची, म्हणजे तिच्यावर कुणाला काही लिहिता यायचं नाही आणि रोगी मशीनची लागण तिला व्हायची नाही. या फ्लॉपीवरून मशीन चालू करायचं. तरीही खोड तशीच राहिली तर दोष लोखंडाचा. खोड गेली तर दोष मशीनच्या पोटातल्या प्रोग्रामचा, म्हणजे लागण. इतकं साधं. या साधेपणाचा त्याला अभिमान होता आणि भुताखेतांच्या गप्पा ऐकल्या की तो खिशावर नुसती थाप मारायचा.

पंच्याण्णव सालच्या चैत्रात त्याच्या दुकानात रुपचंदआबा आले. कुसुंब्याचे शेतकरी, कापूस-बाजरीचं रान, डोक्याला मळकं पागोटं. गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीवर ते बसलेच नाहीत, उंबऱ्याशी उकिडवे बसले.

“भाऊ, घर मन्हा भाईदासनं मशीन शे. ते वाजस. पन आते त्यानी येळ चुकी ऱ्हायनी. तेव्हढं दखी ल्या.”

भाईदास हे नाव ऐकून लोटनच्या हातातली सोल्डरिंग गन तशीच राहिली. भाईदासला तो ओळखत होता. स्टँडजवळच्या एका क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा, हसरा गडी, लोटनपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. क्लासची मशीनं लोटनकडं यायची, तेव्हा दोघं मिळून चहा प्यायचे. गेल्या वर्षी फाल्गुनात मोटरसायकलवरून घरी जाताना सुरत रोडला एका ट्रकनं त्याला उडवलं. लोटन अंत्यविधीला गेला नव्हता. दुकानात काम होतं, एवढंच कारण, आणि ते त्याला तेव्हाही पुरेसं वाटलं नव्हतं.

“वाजतं म्हणजे काय होतं, आबा?”

“गानं वाजस. पाचले. भाईदास घर येवाना टाईमले.”

एवढं बोलून आबा उठले. किती पैसे पडतील, कधी याल, काही विचारलं नाही. फक्त दारातून वळून पुन्हा म्हणाले, “येळ तेव्हढी बराबर करी द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लोटननं लुनाला किक मारली. कुसुंब्याच्या फाट्यावर एक गृहस्थ त्याची वाटच बघत उभे होते. रतिलाल, म्हणजे भाईदासचे मामा. रस्ताभर तेच बोलले, आणि त्या घरात काय अडलंय ते लोटनला तिथंच कळलं.

ज्या घरात मयत झालेलं असतं तिथं आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, त्या माणसाच्या नावानं घागर भरायची, ही खानदेशात सगळ्यांची रीत. कोरी घागर, तिच्यावर लोटी, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या. उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढून एकेका पितराचं नाव घ्यायचं. घागर भरली की गेलेला माणूस पितरांत जाऊन बसतो. भरली नाही तर तो आत ना बाहेर असा दारात ताटकळतो. गेल्या आखाजीला भाईदासच्या आईनं, मंजुळाबाईनं, घागर घरात येऊच दिली नव्हती. कुंभाराला वाटेवरून परत पाठवलं.

“ताई म्हने, पोऱ्या रोज घर येस, त्यानी घागर कशी भरू?” रतिलाल सांगत होते. “आते ही आखाजी उनी. भाऊबंद बोलाले लागनात. भो, तू काय बी कर, पन ते वाजनं बंद कर. मन्ही बहीन येडी व्हई जाई.”

“आणि आबा काय म्हणतात?”

“आबा काय म्हनतीन? त्या बोलतस कोठे?”

मशीन ओसरीला लागून असलेल्या खोलीत होतं. भाईदासनं सुरतेहून जुनं उचलून आणलेलं, गावात क्लास काढायचा म्हणून. खोलीत चार लाकडी बाकंही करून ठेवली होती, एकावरही कधी कुणी बसलं नव्हतं. मशीनवर आईच्या लुगड्याचा तुकडा पांघरलेला. भिंतीवर फोटो नव्हता, हार नव्हता. दाराच्या खुंटीला पोराचा शर्ट होता, आणि तो धुऊन घडी मोडून टांगलेला दिसत होता, म्हणजे कुणीतरी तो अजून धूत होतं. लोटनला एकदम वाटलं की आपण उंबरा ओलांडून कुणाच्या तरी झोपेत शिरलोय.

मंजुळाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. उंच, वाळलेल्या, डोक्यावर पदर. त्यांनी लोटनकडं नीट बघितलं.

“तू भाईदासना दोस्त ना?”

“हो अक्का.”

“मंग आस्तेवार हात लाव.”

लोटननं लुगडं उचललं. मशीन चालू कोण करतं, असं त्यानं सहज विचारलं. “आपले आप व्हस,” मंजुळाबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या जातीच्या मशीनला उजव्या अंगाला लाल खटका असतो, बोटानं जोर लावून दाबावा लागतो, तो आपला आप कधी दबत नाही. सगळ्या डब्यावर धूळ होती आणि लाल खटका तेवढा चकचकीत होता. करत असेल माउली, त्यानं मनाशी म्हटलं. आई आहे, तिच्यावर काय रागवायचं? रुपचंदआबा एका बाकाच्या टोकाला गुडघे जवळ घेऊन बसले होते आणि त्याच्या हातांकडं बघत होते.

मग रीतीप्रमाणं काम सुरू झालं. विजेत खोट नव्हती. डबा उघडून त्यानं पट्ट्या काढल्या, खोडरबरानं घासल्या, परत बसवल्या. लोखंड दुखावलं की तेही आवाज करतं, पण ते एकाच सुरात, टूं टूं करून रडतं. चाल लावून रडत नाही. म्हणजे गाणं लोखंडाचं नव्हतं. तरी ठोकून बघायचं म्हणून त्यानं खिशातली फ्लॉपी घातली, मशीन चालू केलं, मशीनच्या घड्याळात पाचाला जरा कमी अशी वेळ घातली आणि वाट बघितली. घड्याळात पाच झाले. खोली गप्प होती. मग फ्लॉपी काढून त्यानं मशीन त्याच्या स्वतःच्या पोटावर चालू केलं, तीच वेळ घातली, पुन्हा वाट बघितली.

आणि ते वाजलं.

कुठल्या तरी परदेशी बँडची उडती चाल, पातळ आवाजात. शाळेच्या कवायतीला शोभावी अशी. लोटननं हजार मशीनं ऐकली होती, तरी त्या कोऱ्या बाकांच्या खोलीत ते गाणं ऐकताना त्याच्या मानेवर काटा आला. गाणं आनंदी होतं, हेच वाईट होतं.

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. पिठानं भरलेले हात तसेच घेऊन मंजुळाबाई धावत आल्या. उन्हं अजून ओसरीतही आली नव्हती.

“आज इतला लवकर उना?”

त्यांनी विचारलं कुणाला ते लोटनला कळलं नाही. त्या मशीनकडं बघत नव्हत्या. नवऱ्याकडं बघत होत्या.

“अक्का, ते मी वाजाडं,” लोटन म्हणाला. गिऱ्हाइकाशी तो शहरी मराठी बोलायचा, पण आता त्याच्या तोंडातून घरची बोली निघाली. “मीच. तपासाकरता.”

मंजुळाबाईंनी हाताचं पीठ पदराला पुसलं आणि त्या परत गेल्या. रुपचंदआबा बाकावरून उठून मशीनच्या जवळ आले होते. त्यांचा चेहरा लोटनला वाचता आला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं वाचायचा प्रयत्नही केला नाही. त्याला आता कोडं सुटल्याची धुंदी चढली होती. गाणं लागणीचं होतं हे ठरलं. राहिलं ते वेळ चुकण्याचं. व्हायरस रोज मशीनच्या घड्याळात पाच वाजले की वाजायचा, त्याला गावाचं घड्याळ काय ठाऊक? त्यानं मशीन बंद करून थोड्या वेळानं पुन्हा लावलं, आणि जे वाटलं होतं तेच निघालं. पडद्यावर तारीख आली होती एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. मशीन बंद असताना घड्याळ जागं ठेवणारा आतला सेल मेला होता. सेलच्या अंगावर हिरवी बुरशी धरली होती.

म्हणजे एका मशीनला दोन वेगळे आजार होते. नुसता व्हायरस असता तर गाणं रोज नेमानं पाचाला वाजलं असतं. नुसता सेल गेला असता तर गाणंच नसतं. सेल हळूहळू बसत गेला तसं घड्याळ मागं पडत गेलं, आणि मशीनचे पाच गावातल्या साडेपाचला, मग सहाला, मग दिवे लागल्यावर वाजू लागले. एखाद्या दिवशी घड्याळ पार कोरं व्हायचं आणि त्या दिवशी काहीच वाजायचं नाही. गावाला वाटलं, पोराचा आत्मा भरकटू लागला. लोटननं हे सगळं रुपचंदआबांना बोटं मोजून समजावलं. आबांनी पडद्यावरची तारीख वाचली.

“ऐंशी साल,” ते म्हणाले. “तव्हय तो पहिलीले व्हता. शायमा जावाले रडे.”

लोटननं पडदा विझवला आणि विचारलं, की या मशीनमध्ये बाहेरची कुठली फ्लॉपी घातली होती का? आबा उठले. मग त्यांनी कणगीच्या मागून एक पिशवी काढली. रेक्झिनची, एका अंगानं घासून फाटलेली.

“दवाखानामा पोलिसनी दिधी. तेराव्यानंतर मी उघाडी. ह्या चकत्या व्हत्यात. पोऱ्या घर काय घीसन येत व्हता, ते माले दखनं व्हतं. एक घाली दखी.”

चकतीवर भाईदासच्या अक्षरात एका खेळाचं नाव होतं. क्लासमधली पोरं खेळायची तो खेळ. लोटननं ती फ्लॉपी तपासली. लागण तिच्यातच होती. धुळ्यातल्या कुठल्याशा मशीनवरून ती भाईदासच्या पिशवीत चढली, ट्रक, रस्ता, दवाखाना सगळ्यातून शाबूत निघाली आणि बापाच्या हातानं घरात आली. त्या दिवशी भाईदास जे घरी आणत होता, ते असं पोचलं होतं.

हे बोलून दाखवावं की नाही, लोटनला कळेना. त्यानं दाखवलं नाही. सेल आणि व्हायरसच्या औषधाची फ्लॉपी घेऊन आखाजीच्या आदल्या दिवशी येतो म्हणाला आणि लुनावर बसला.

मधले दिवस त्याचे बरे गेले नाहीत. औषधाचा प्रोग्राम त्याच्याकडं जुना होता, त्याला हे गाणं ओळखू येईना, म्हणून नवा आणायला तो जळगावला जाऊन आला. परतीच्या बसमध्ये फ्लॉपी मांडीवर होती आणि डोक्यात ती चाल. दुकानात गिरणीचा पट्टा फिरला तरी त्याला तीच चाल ऐकू यायची. पाच वाजायला आले की हातातलं काम थांबायचं. चिडून तो स्वतःशी म्हणायचा, लोटन, तू प्रोग्रामला घाबरतोस? कुणा रिकामटेकड्यानं कुठल्या देशात बसून केलेली टवाळी आहे ती! तरी मनात यायचं, की सेल बदलला आणि गाणं राहू दिलं तर? रोज पाचाला वाजेल, बिचारीला तेवढंच. मग रतिलालमामांचा चेहरा आठवायचा, अडलेली घागर आठवायची. शिवाय धंद्याचा धर्म होता. लागण दिसली आणि मुद्दाम ठेवली, असं लोटननं कधी केलं नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी तो दुपारीच कुसुंब्याला पोचला. रतिलालमामा आधीच येऊन बसले होते. ओसरीत कोरी घागर होती, त्यांनीच आणलेली, आणि ती घरात कुणी घेतली नव्हती.

लोटननं आधी नवा सेल डाक देऊन बसवला. घड्याळ लावलं, मशीन बंद करून चहा घेतला, पुन्हा लावलं. वेळ बरोबर.

“आते येळ नही चुकाव?” आबांनी विचारलं.

“आता कधीच नाही चुकणार, आबा.”

तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की लोटनला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं. “आणि आता ती लागणही काढून टाकतो,” तो म्हणाला. आबांचा ओठ हलला. पण रतिलालमामा मध्येच म्हणाले, “हाव हाव, काढी टाक, बठ्ठं काढी टाक,” आणि आबा गप्प झाले. त्या घरात आबा गप्प होणं ही काही नवी गोष्ट नव्हती, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. लोटननं औषधाची फ्लॉपी घातली. पडद्यावर एकेका प्रोग्रामचं नाव सरकत गेलं आणि प्रत्येकापुढं साफ, साफ, साफ असं येत गेलं. पिशवीतली चकतीही त्यानं साफ करून दिली. कामात काही ठेवायचं नाही, ही त्याची सवय.

मग सगळे पाच वाजायची वाट बघत बसले. खात्री करून दिल्याशिवाय लोटन उठायचा नाही. मंजुळाबाई चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. लोटनची नजर त्यांच्यावरच होती. बाई कोसळल्या तर काय करायचं, पाण्याचा तांब्या कुठं आहे, हे त्यानं बघून ठेवलं होतं.

मशीनच्या घड्याळात पाच झाले. भिंतीवरच्या घड्याळात पाच झाले. बाहेर गाय हंबरली. खोलीत काहीच वाजलं नाही.

मंजुळाबाई हलल्या नाहीत. रुपचंदआबा उठले. मशीनजवळ जाऊन त्यांनी कान लावला. मग उजव्या अंगाचा लाल खटका न बघता, सवयीच्या बोटानं दाबला. मशीन विझलं. पुन्हा दाबला. चालू झालं. पुन्हा विझवलं. पुन्हा चालू. पाहुणे समोर आहेत, मेहुणा बघतोय, कशाचं भान नव्हतं त्यांना. खटक खटक एवढाच आवाज येत राहिला.

आबा दुकानात काय म्हणाले होते ते लोटनला आता ऐकू आलं. वेळ तेवढी बरोबर करून द्या. बंद करा, असं तो माणूस एकदाही म्हणाला नव्हता. बिघाड कुठला आणि लागण कुठली हे लोटननं अचूक ओळखलं होतं, आणि त्या घराला काय हवं ते मात्र भलत्याच माणसाला विचारलं होतं.

“अक्का, मला वाटलं तुम्ही...” तो म्हणाला आणि अडखळला.

“बठ्ठासले तेच वाटस,” मंजुळाबाई म्हणाल्या. आवाज शांत होता. “मशीन कधी आपले आप चालू व्हस का, भाऊ? मी चूल फुंकस म्हनीसन काय येडी शे? ह्या भाईदासना बाप वावरमातून येवोत आनि बटन दाबोत. मी घरमातून ऐकू. म्हनू, दाबू दे. गानं वाजनं म्हंजे दोन घास खातस तरी. मन्हा पोऱ्यानी घागर मी मनमा कव्हयच भरी टाकी. मी नही म्हनू ते यास्नाकरता.”

रतिलालमामा खाली बघत होते. त्यांना बहिणीची एवढ्या वर्षांची ओळख, आणि त्यांनाही हे कळलं नव्हतं. मंजुळाबाईंनी पुढं होऊन नवऱ्याचा हात खटक्यावरून काढला, लहान पोराचा काढावा तसा, आणि त्यांना बाकावर बसवलं. मग ओसरीतली घागर उचलून घरात आणली.

“चकतीमा शे का ते अजून?” आबांनी लोटनला विचारलं. पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडं बघून.

“नाही आबा. तीही साफ केली मी.”

हे वाक्य उच्चारताना लोटनला जे वाटलं ते पुढं कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. माणूस मेला तेव्हा दुकानात काम होतं म्हणून आपण गेलो नाही, आणि आता येऊन त्याला स्वतःच्या हातानं पुसलं, असं काहीसं. निघताना त्यानं पैशाचा विषय काढला नाही. मंजुळाबाई मात्र त्याला दारापर्यंत घालवायला आल्या.

“सकाय आखाजी शे. जेवाले ये. पित्तर म्हनीसन.”

लोटन जागीच थांबला. गेलेल्या माणसाच्या नावानं एकाला जेवायला बसवतात, तो जेवला म्हणजे पितर जेवला, हे त्याला माहीत होतं. त्याच्या बापाच्या नावानं त्याच्याही घरी कुणीतरी बसायचं. पण भाऊबंद सोडून त्याला?

“तूच बंद करं ना त्याले?” मंजुळाबाई म्हणाल्या. रागानं नव्हे, हिशोब सांगावा तशा. “मंग तूच त्यान्हा जागावर बस.”

सकाळी लोटननं अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले. उन्हं तापायच्या आत तो कुसुंब्यात होता.

घागर भरली होती. उंबऱ्यावर रुपचंदआबांनी कुंकवाची बोटं ओढली, बापाचं, आजाचं, मायचं नाव घेत. शेवटचं बोट ओढलं ते नाव न घेताच. चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांच्या नावानं आगारीचा घास पडला, तुपाचा धूर खोलीभर झाला. लोटनला पाटावर बसवलं. आबांनी त्याच्या कपाळाला टिळा लावला आणि मग ते खाली वाकले. बापाच्या वयाचा माणूस आपल्या पायाशी वाकतोय म्हणताना लोटनचे पाय मागं सरकू लागले, पण मंजुळाबाईंनी नजरेनंच त्याला थांबवलं. पितरानं पाय काढून घ्यायचे नसतात. आबांचं कपाळ त्याच्या पावलांना लागलं. ते तापलेलं होतं.

खापरावरचे मांडे होते, आमरस होता, कुरडया होत्या. त्यांतल्या कशाकशाला चव होती ते लोटनला सांगता आलं नसतं. मंजुळाबाई न विचारता वाढत होत्या. रस वाटीत न घालता मांड्यावरच ओतत होत्या, आणि असं का, हे विचारायची गरज नव्हती, कुणाला तसं आवडायचं ते उघड होतं. तो खात राहिला. आपले हात, आपलं तोंड आपलंच आहे का, अशी शंका यावी इतकं ते घर त्याच्याकडं बघत होतं. भुताला तो कधी भ्याला नव्हता, पण भूत होऊन बसायची पाळी येईल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

जेवण झालं. हात धुतले. पितर जेवला की लगेच उठून, मागं न बघता चालता होतो, तशी रीत. लोटन चपला शोधू लागला. रुपचंदआबा त्याच्यामागून ओसरीत आले. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“पाचलोंग थांबशी ना?”

मंजुळाबाईंनी ते ऐकलं. त्यांनी रतिलालमामांना हातानं आत बोलावून घेतलं.

लोटन परत आला आणि त्या खोलीत बाकावर बसला. मशीनवर लुगडं पांघरलेलं होतं. शेजारी आबा बसले. दुपार हळूहळू सरली. म्हाताऱ्यानं मनगट सोडलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात पाच झाले. कुठंच काही वाजलं नाही, आणि तेव्हा रुपचंदआबा त्याच्याकडं वळले, त्याच्या तोंडाकडं बघत त्यांनी “भाईदास” अशी हाक मारली, आणि ते रडू लागले. पोर गेल्यापासून पहिल्यांदा. लोटननं हाकेला ओ दिली.